लाल गालांचा तपास

पलकच्या दोन्ही गालांवर कुणीतरी सणसणीत थपडा लगावल्या आहेत, याबद्दल महावीरशेठना तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त थपडा लगावणाऱ्याबद्दल. सहा वर्षांची नात घरापुढच्या ओट्यावर बसून दूध पीत होती आणि तिचे गाल टोमॅटोसारखे लालबुंद झाले होते.

"कुणी मारलं, बेटा?"

"कुणीच नाही, दादाजी."

"घाबरू नकोस. नाव सांग फक्त."

"खरंच कुणी नाही मारलं." पलकने दुधाची मिशी पुसली आणि ती खेळायला पळाली.

"म्हणजे धमकावलंय तिला," शेठ बायकोकडे वळून म्हणाले.

"अहो, ऊन लागलं असेल," हीराबाई म्हणाल्या.

"ऊन दोन्ही गालांना सारखं मोजून लागतं का?"

हीराबाईंनी दुधाचा रिकामा पेला उचलला आणि त्या आत गेल्या. गेल्या चाळीस वर्षांत अशा वेळी त्या हेच करत आल्या होत्या. जळगावच्या दाणाबाजारात महावीरशेठचं डाळीचं दुकान होतं आणि संशय हे त्यांच्या धंद्याचं निम्मं भांडवल होतं. गोणीच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाशी खडे, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं, की कुठलीही गोणी आली की ते आधी तिच्या बुडाशी परखी खुपसायचे. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी; ती आत घातली की तळातले दाणे तळहातावर येतात. माणसांनाही अशीच परखी घालता आली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नेहमी वाटे.

त्यांनी तपास सुरू केला. मुलगा पुनीत आठ दिवसांपासून इंदूरला गेलेला, तो सुटला. सून भाविका रागावली तर उजव्या हाताने एक धपाटा घालते, तोही पाठीत. हीराबाईंचं मनगट धरलेलं, त्यांच्याच्याने डबासुद्धा उघडत नाही. आणि इथे तर डावा-उजवा दोन्ही गाल सारखेच लाल. म्हणजे मारणाऱ्याचे दोन्ही हात सारखे चालतात. शेठ विचार करत स्वयंपाकघराच्या दारात आले. आत बेबाबाई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापत होती. थप, थप, थप. या हातावरून त्या हातावर.

शेठनी एक दीर्घ श्वास घेतला. सापडली!

बेबाबाई त्यांच्याकडे चौदा वर्षं कामाला होती. भांडी, भाकरी, आणि पलक झाल्यापासून पलकची वेणीफणीसुद्धा. याच गल्लीत आणखी दोन घरची कामं ती करायची. शेठनी तिला ओट्यावर बोलावलं, आणि हळू बोलणं त्यांना मुळातच माहीत नसल्यामुळे गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडत गेल्या.

"पोरीला का मारलंस?"

बेबाबाईच्या हाताला पीठ होतं. ते पुसायचं भानही तिला राहिलं नाही.

"मी? शेठ, मन्हा हातखाल ती पोर मोठी व्हयनी. मी तिले मारसु?"

"मग गाल काय आपोआप लाल झाले?"

"माले काय माहीत? माले कामवरथून काढनं व्हई ते काढी टाका. पन आसं नाव नका ठेवा."

शेठनी काढलं. आणि नावही ठेवलं. बेबाबाई पदराने डोळे पुसत गल्लीतून गेली, तेव्हा समोरच्या रतिलालभाईंच्या घरी तिचं काम अजून बाकी होतं. पण रतिलालभाईंच्या घरातही लहान पोरं होती, त्यामुळे तिथलं दार उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पलकच्या दंडावर आणि मांड्यांवर जाळीदार लाल नक्षी उमटली. दंडावर कोण थपडा मारणार? भाविका सासऱ्यांना न विचारता पोरीला घेऊन दवाखान्यात निघाली. तिने विचारलं नाही याचाही शेठना संशय आला, म्हणून तेही गेले.

पोरांच्या डॉक्टर कामिनीबाईंनी पलकचे गाल पाहिले आणि त्या हसल्या.

"हा व्हायरल आहे, शेठ. पोरांमध्ये नेहमी येतो. गाल असे होतात की जणू कुणी थोबाडीत दिलीय. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. औषधसुद्धा नको."

"औषध नको?" शेठचे डोळे बारीक झाले. ज्या डॉक्टरला औषध द्यायचं नाही त्याच्या मनात नक्की काहीतरी दुसरंच असतं, असं त्यांचं मत होतं. "आणि हे कशावरून?"

"बघून कळतं."

"बघून तर मलाही कळलं होतं, की थपडा आहेत."

डॉक्टरबाईंनी भाविकाकडे पाहिलं. भाविकाने मान खाली घातली आणि हळूच सांगितलं, "डॉक्टर, यावरून आमच्या बेबाबाईला काढलंय घरातून."

डॉक्टरबाईंचं हसू मावळलं. "असं असेल तर रक्त तपासू. एरवी मी सांगितलं नसतं. शेठ, असा आजार आला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात अँटीबॉडी तयार करतं. त्या दोन प्रकारच्या. एक ताज्या, आत्ता आजार झालाय असं सांगणाऱ्या. दुसऱ्या मागाहून येतात आणि पुढे वर्षानुवर्षं राहतात."

"नवा माल आणि जुना माल," शेठ म्हणाले.

"तसंच समजा. नवा माल सापडला की आजार आत्ताचा. थपडेने रक्तात अँटीबॉडी येत नाही."

दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. ताज्या अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. भाविकाने तो सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"पप्पाजी, बेबाबाईला बोलावते आता."

"थांब." शेठनी कागद उजेडात धरून पाठपोट पाहिला. "हा वरचा माल झाला. यंत्र सगळ्यांनाच पॉझिटिव्ह छापत असेल तर?"

"असं कसं असेल?"

"तेच बघायचंय."

त्या रात्री शेठना कल्पना सुचली आणि ती इतकी आवडली की ते अंथरुणात एकटेच हसले. गोणीला परखी घालतात, तशी लॅबला घालायची! आपण चौसष्ट वर्षांचे. आपल्याला कुणी थोबाडीत दिलेली नाही, गाल व्यवस्थित आहेत, ताप नाही. आपलं रक्त तिथेच द्यायचं. यंत्र खरं असेल तर निगेटिव्ह सांगेल. पॉझिटिव्ह म्हणालं की चोरी उघडी! फक्त आपलं नाव सांगायचं नाही, नाहीतर लॅबवाला डॉक्टरबाईंना फोन करेल आणि दोघं मिळून रिपोर्ट जुळवतील.

सकाळी ते लॅबमध्ये जाऊन उभे राहिले.

"नाव?"

"तोताराम." केळीवाले तोताराम पाटील त्यांच्याकडून दर महिन्याला तूरडाळ न्यायचे, तेच नाव पटकन तोंडात आलं. "मुक्काम रावेर."

लॅबमधल्या मुलीने चाचणीचं नाव वाचलं आणि वर पाहिलं. "काका, ही लहान मुलांची करतात, नाहीतर गरोदर बायकांची."

"आणि रावेरवाल्यांची," शेठ म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली.

मधले दोन दिवस मात्र त्यांना वैतागाचे गेले. दुकानात गोणीत परखी जाईना. मुठीत नीट धरताच येईना. "गोण्या दाबून भरल्यात, आत काहीतरी आहे," म्हणून त्यांनी उखर्डू हमालाला अर्धा तास झापलं. उखर्डूने तीच परखी दोन बोटांनी सहज आत सरकवून दाखवली, तेव्हा त्यांना परखीचाच संशय आला. जिना चढताना गुडघे करकरत होते, त्याचा ठपका त्यांनी जिन्यावर ठेवला. घरात भाकरी हीराबाई थापत होत्या; ती कडेला जाड आणि मधे फाटकी निघायची, पण त्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत नव्हती. पलक तेवढी रोज विचारायची, "बेबामावशी कधी येणार?"

रिपोर्ट हातात पडला आणि शेठ लॅबच्या दारातच ओरडले, "सापडले चोर!"

तोताराम, वय चौसष्ट, मुक्काम रावेर: पॉझिटिव्ह. ताज्या अँटीबॉडी.

ते तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंच्या टेबलावर त्यांनी कागद आपटला.

"बघा तुमचं यंत्र! ठणठणीत माणूस आहे हा. साधी शिंक नाही त्याला. आणि त्यालासुद्धा पोरांचा आजार!"

डॉक्टरबाईंनी शांतपणे वाचलं. "हे तोताराम कोण?"

"आहेत ओळखीचे."

"घरात आजारी मूल होतं का त्यांच्या?"

"असेल."

"सांधे दुखतात त्यांचे? मोठ्या माणसांना यात गाल लाल होत नाहीत. सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, मूठ मिटत नाही, गुडघे दुखतात. असं आहे का त्यांना?"

शेठनी टेबलावरचा स्वतःचा हात पाहिला. तो मिटून पाहिला. मिटला नाही. दुसरा मिटून पाहिला. तोही तसाच.

"पलकला तीन आठवड्यांपूर्वी बारीक ताप होता, भाविका सांगत होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हाच हा जास्त पसरतो. तोतारामजी तेव्हा तिच्या ताटात जेवले होते का?"

पलकला ताप होता त्या दिवसांत तिला आपल्या ताटात, आपल्या हाताने वरणभात कोण भरवत होतं, ते शेठना पक्कं आठवत होतं. धंद्यात त्यांना खोटा माल खूप जणांनी दिला होता, पण स्वतःची परखी स्वतःलाच लागण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"जेवले होते," ते म्हणाले. "तोताराम मीच."

"मग तोतारामना सांगा, महिन्याभरात बरं वाटेल. आणि महावीरशेठना सांगा, त्या बाईंकडे जा."

बेबाबाई घराच्या पायरीवर पालक निवडत बसली होती. तिने शेठना पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला; निवडणं मात्र थांबवलं नाही.

"बसा, शेठ."

"चूक झाली, बेबाबाई. तू मारलं नाहीस. रक्तात निघालं सगळं."

"माले काय सांगतस? माले ते पहिलेच माहीत व्हतं."

"उद्यापासून ये कामाला."

"तुमना एकनाच घरनं काम गयं नही, शेठ. रतिलालभाऊकडनं गयं, प्रेमराजशेठकडनं गयं. त्या म्हनतस, हाई बाई पोरेसले मारस. बठ्ठा गल्लीले तुम्ही ओटावर उभा राहीसन सांगं ना? आते दारे दारे जाईसन सांगा."

"गल्लीच्या ग्रुपवर टाकतो ना, मोबाईलवर. एका मिनिटात सगळ्यांना..."

"तोंडथून बोलनात, तोंडथूनच फेडा. चला. मी येस संगे."

महावीरशेठ आयुष्यात कधी कुणाच्या दारी माफीचं काही बोलायला गेले नव्हते. पण त्या संध्याकाळी दोन रिपोर्ट हातात धरून, गुडघे सांभाळत, ते रतिलालभाईंच्या दारात उभे राहिले. मागे दोन पावलांवर बेबाबाई.

"रतिलालभाई, आमच्या पलकला मारलं नव्हतं कुणी. आजार होता. हा बघा रिपोर्ट."

रतिलालभाईंनी चष्मा लावला. तेही बाजारातलेच, त्यांचा कापसाच्या गाठींचा व्यवहार होता. त्यांनीसुद्धा कागद पाठपोट पाहिला.

"हे ठीक. आणि हा दुसरा कुणाचा?"

"माझा. मलाही तोच आजार आहे. म्हणजे यंत्र खरं आहे."

"यावर तोताराम लिहिलंय."

"तो मीच."

"तुम्ही महावीर."

"हो, पण लॅबमध्ये तोताराम सांगितलं."

"का?"

"त्यांनी लबाडी करू नये म्हणून."

रतिलालभाईंनी चष्मा काढला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "महावीरशेठ, आपली तीस वर्षांची ओळख. आधी कामवालीवर ढकललं. आता खोट्या नावाचे कागद घेऊन दारोदार फिरताय. खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. पोरीला तुम्हीच मारलंत ना?"

शेठनी एक कागद पुढे केला, मग दुसरा पुढे केला, सही दाखवली, शिक्का दाखवला. रतिलालभाईंच्या पाठीमागे त्यांची बायको आणि सून येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. तो भाव शेठना चांगला ओळखीचा होता. तो गेले आठ दिवस त्यांच्याच चेहऱ्यावर होता.

"नही हो, भाऊ," मागून बेबाबाई म्हणाली. "शेठनी मारं नही. तोंडना फटकळ शे तो मानूस, पन पोरवर हात उचलाव नही. चौदा वरीस देखं शे मी."

रतिलालभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान हलवली.

"तू म्हणतेस ना? मग झालं." त्यांनी दोन्ही कागद न वाचताच शेठच्या हातात परत दिले. "उद्या सकाळी ये गं कामाला. भांड्यांचा ढीग पडलाय."

दार बंद झालं. शेठ कागदांकडे पाहत तिथेच उभे राहिले. बेबाबाई दोन पायऱ्या उतरून थांबली.

"चला, शेठ. आते प्रेमराजशेठकडे. पन तठे कागद नका दखाडा. मीच बोलसु."

शेठनी मुकाट्याने दोन्ही कागद खिशात घातले आणि ते तिच्या मागोमाग चालू लागले.