भगत सरांची एक शंका

ट्रेनरनं माईक फुंकायच्या आधीच ज्याचा हात वर गेलेला असतो, असा मास्तर तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर दहा-अकरा वर्षं बसलेय. तो माणूस म्हणजे आमचे भगत सर. हात वर, मान थोडी वाकडी, आणि तोंडात एकच वाक्य, "माही एक शंका हाय."

हॉलमधले झाडून सारे मास्तर तेव्हा कपाळाला हात लावत. कारण भगत सरांची शंका म्हणजे चहा लांबला. त्यांना मागून सगळे शंकासुर म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यातली, पैनगंगेच्या अलीकडची. नदीपलीकडं महाराष्ट्र. पोरं घरी मराठी बोलतात, म्हणून शाळा मराठी माध्यमाची. पाच वर्ग आणि आम्ही दोघं, भगत सर आणि मी. पण सरकार तेलंगणाचं, त्यामुळं मास्तरांची सगळी ट्रेनिंगं तेलुगूत. मराठी माध्यमाच्या मास्तरानं मराठी कशी शिकवावी, हेसुद्धा तेलुगूतच शिकवतात. बाकीचे मास्तर पिशवी, पॅड आणि पेन घेतात, दाराजवळची खुर्ची धरतात आणि जेवणाची वाट पाहतात.

भगत सरांचं तसं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पहिली रांग. एक पेन बंद पडलं तर ज्ञान वाया जाऊ नये म्हणून दुसरं. तेलुगू त्यांना बाजारापुरतं येतं. भाजी घेता येते, कंडक्टरशी भांडता येतं. अध्यापनशास्त्र त्यात बसत नाही. तरी ते ट्रेनरच्या तोंडाकडं असं बघत बसायचे की त्या बिचाऱ्याला वाटावं, चला, एकाला तरी कळतंय.

ट्रेनिंगमध्ये मिळालेलं प्रत्येक पुस्तक ते शाळेत आणून त्याला खाकी कव्हर घालायचे. वर मराठीत नाव लिहायचे. आता आतलं वाचता येत नाही, तर नाव काय लिहिणार? मग चित्रं बघून अंदाज. आमच्या शाळेचं कपाट उघडलंत तर अजूनही दिसेल, 'गणित असावे', 'बहुतेक मूल्यमापन', आणि एकावर तर नुसतंच 'आरोग्य किंवा शेती'.

"सर, काऊन इतकी मेहनत घेता?" मी एकदा विचारलं. "रद्दीत द्या ना."

"असं नोका बोलू मॅडम," ते म्हणाले. "कोण्या पुस्तकात माह्या शंकेचं उत्तर असन, आपल्याले काय माहीत."

आता ती शंका. ती दहा वर्षांत काना-मात्रेनंही बदलली नाही. "वर्गात एक पोरगी हाय. बोलाले हुशार, हिशोबाले हुशार. पण अक्षर तिच्याजोळ टिकत नाई. आज दाखवलं का उद्या गेलं. तिले कसं शिकवाव?" अशी एखादी पोरगी किंवा पोरगा प्रत्येक वर्षी वर्गात असतोच, त्यामुळं मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

सर सुरुवात तेलुगूत करायचे. "सार, ओक डौट." इथवर झोकात. मग गाडी हिंदीवर यायची, "वर्ग में एक लडकी हाय," आणि पुढच्या वाक्याला थेट आमच्या गावात. ट्रेनर हसून मान डोलवायचा, "चूद्दाम सार, चूद्दाम." म्हणजे पाहू. सरकारी कामात पाहू म्हटलं की समजावं, कोणी पाहणार नाही. फारच झालं तर म्हणायचा, शंका जेवणानंतर. आणि जेवणानंतर ट्रेनरला बस पकडायची असायची, आमच्या संध्याकाळच्या सह्या तर सकाळीच झालेल्या असायच्या.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. मला तेलुगू फर्डं येतं. वडील आदिलाबादला नोकरीला होते, माझं सगळं शिक्षण तेलुगू माध्यमातलं. मी शेजारीच बसलेली असायचे. उठून दोन वाक्यं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मागून मास्तर लोक खोकायला लागायचे, घड्याळं दाखवायचे, आणि मी मान खाली घालून पॅडवर वेली काढायचे. एकदा सरांनी मला कोपरानं हळूच ढोसलं होतं, "मॅडम, तुमी सांगता का जरा?" मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग ते गेले नदीपलीकडं. तिकडच्या तालुक्यात मास्तरांचं ट्रेनिंग आहे, आणि तेही मराठीत, असं कुणीतरी सांगितलं. सरांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बिनबोलावता पहिल्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या राज्याच्या ट्रेनिंगमध्ये चोरून शिरणारा मास्तर जगात एकच असेल. हजेरीच्या वेळी अर्थात सापडले. यादीत नाव नाही, जिल्हा नाही, राज्यसुद्धा नाही.

"मंग?" मी विचारलं.

"चांगले लोकं होते. चहा पाजला, मंग उठवलं."

"आणि शंका?"

"इचारली ना. तो म्हने, तुमच्या राज्यात इचारा." हे सांगताना सर हसले. मीही हसले. स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय होता. स्टाफरूम म्हणजे आम्ही दोघं आणि खिचडी शिजवणाऱ्या काकू.

ट्रेनिंगच्या शेवटी एक फॉर्म भरून घेतात. ट्रेनिंग कसं वाटलं? खाली तीन चेहरे, हसरा, गप्प आणि रडका. आम्ही हसऱ्यावर खूण करून बसस्टँड गाठायचो. भगत सर चेहऱ्यांना हात लावायचे नाहीत. ते फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहीत बसायचे. अक्षर मोत्यासारखं. शिपाई एकेक पंखा बंद करत यायचा, खुर्च्या उचलायचा, यांचं चालूच.

गेल्या वर्षी मला दोन दिवस मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसात कामाला बोलावलं. साठलेल्या फॉर्मांचे गठ्ठे लावायचे होते, खूश वेगळे, नाखूश वेगळे. तिथल्या ऑपरेटरनं चार गठ्ठे माझ्यापुढं आपटले. मी मराठीत लिहिलेले फॉर्म बाजूला काढायला लागले, तर तो म्हणाला, "मेडम, वो मराठी वाले अलग नको रखो. सब खूश में डालो."

"पढे बगैर?"

"कौन पढना जी? इत्ता लंबा लिखे, तो खूश होके च लिखे होंगे ना."

बाप्पा. म्हणजे दर ट्रेनिंगला या माणसानं जीव ओतून पानभर लिहायचं, आणि ऑफिसात त्याची नोंद समाधानी म्हणून व्हायची. मंडलातला सर्वांत समाधानी मास्तर कोण, तर भगत सर. मला हसू आलं, मग हसू गेलं. मी ते फॉर्म घेऊन खिडकीजवळ बसले आणि वाचायला लागले. त्यांचे मराठी फॉर्म वाचणारी बहुतेक मीच पहिली.

प्रत्येकात सुरुवात सारखी. जेवण चांगले होते, आभार. मग शंका. पण फॉर्मवर त्या पोरीचं नावही होतं. शेवंता. सगळ्यात नव्या फॉर्ममध्ये शेवंता, त्याच्या आधीच्यात शेवंता, सगळ्यात जुन्या फॉर्ममध्येही शेवंताच, आणि सगळीकडं ती चौथीतच. मी आमच्या शाळेची पटसंख्या झोपेतही म्हणून दाखवीन. शेवंता नावाची पोरगी माझ्या काळात आमच्या शाळेत नव्हती.

ऑफिसातलं काम संपवून शाळेत आले, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरळ विचारलं, "सर, शेवंता कोण?"

सर हजेरीपटावर रेघा मारत होते. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"तुमच्याच अक्षरात वाचलं."

"वाचते का मंग तिथं?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला की ऑफिसातला प्रकार सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "हो, वाचतात."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं तिसरं वर्ष, हीच शाळा. शेवंता चौथीत. बापाच्या बकऱ्या मोजायची, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगायची, पण फळ्यावरचं अक्षर म्हटलं की खलास. आणि इन्स्पेक्टर येणार होता. इन्स्पेक्टर आला की काय करतात, ते आमच्या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्या पोरांना वाचता येत नाही त्यांना त्या दिवशी काहीतरी काम सांगून बाहेर काढतात. मीही काढलीत.

"मी म्हनलं, जाय, नाल्यापाशी जाऊन बस. साहेब गेले का बोलावतो," सर म्हणाले. "ती पाटी घेऊन गेली. साहेबानं वर्ग पाह्यला, खूश झाला, बुकात लेहून गेला, उत्तम म्हणून. त्या खुशीत मी तिले बोलवाचं भुललो. संध्याकाळपर्यंत बसली म्हने तिथंच. दुसऱ्या दिवशी आली नाई. मंग आलीच नाई."

"तुम्ही घरी गेला नाहीत?"

"नाई गेलो." ते पट्टीकडं बघत होते. "शेरा चांगला आलता ना मॅडम. कायले जाईन?"

मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये, पण बोलले. "पोरगी संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसली सर, आणि तुम्ही शेऱ्याचे पेढे खात होता." ते म्हणाले, "हो." माझा राग तिथंच लटकत राहिला.

शेवंता आता बोथच्या बाजूच्या एका गावात आहे, लग्न होऊन गेलेली, सुना-नातवंडांची बाई. सरांना ती एकदा बोथच्या बाजारात भेटली होती. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, सर, ही गाडी कुठं जाते एवढं वाचून सांगा. बसवरची पाटी तेलुगूत होती. सर एकेक अक्षर जोडत बसले, जोडून होईतो गाडी निघून गेली.

"मंग ती हासली," सर म्हणाले. "म्हने, असू द्या सर, दुसरी येईन. मले म्हने, असू द्या."

यंदा सरांचं रिटायरमेंटचं वर्ष. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं ट्रेनिंग परवा झालं. ट्रेनर नवी होती, हैदराबादची तरुण बाई, हसतमुख. माईक फुंकायच्या आत हात वर. "सार" म्हणायचे ते गडबडून "मेडम, ओक डौट" म्हणाले. मागून खोकले सुरू झाले. बाई म्हणाली, चूद्दाम.

मी उठले. काय झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण उठले, आणि मागं वळून तेलुगूत म्हणाले, "ज्यांना चहाची घाई आहे त्यांनी जाऊन प्यावा." मग त्यांची शंका पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगितली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

बाई हातातली कामं ठेवून ऐकत होती. म्हणाली, अशी मुलं असतात, त्यात त्यांचा काही दोष नसतो. बुद्धी चांगली असते, फक्त अक्षर ओळखायची वाट वेगळी असते. एका वेळी एकच अक्षर घ्या. वाळूत बोटानं गिरवून घ्या, गिरवताना तोंडानं म्हणून घ्या, घाई करू नका, चारचौघांत वाचायला लावू नका, आणि मुख्य म्हणजे तिला वर्गात तुमच्याजवळ बसवा. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. सर लिहीत होते. पहिलं पेन मध्येच बंद पडलं, त्यांनी दुसरं काढलं. सगळं उत्तर दोन मिनिटांचं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस पहिल्या रांगेत बसला, ते दोन मिनिटांत संपलं, आणि चहासुद्धा वेळेवर आला.

मग बाईनं विचारलं, "पोरगी कितवीत आहे?"

मी सरांना विचारलं. ते वहीकडं बघत राहिले. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मला वाटलं, आता हा माणूस इथं भरल्या हॉलात रडतो.

"सांगा त्यायले," ते शेवटी म्हणाले, "चौथीत हाय."

मी तेलुगूत सांगितलं, चौथीत आहे.

बाईचा चेहरा खुलला. ती काहीतरी म्हणाली आणि माईककडं वळली. सरांनी माझी बाही धरली. "काय म्हनते, मॅडम? काय म्हनते ती?"

"ती म्हणते, मग काळजी नको. पोरगी लहान आहे, अजून वेळ गेलेली नाही."

सरांनी मान हलवली, आणि वहीत तेही लिहून घेतलं.