चौदा मिनिटांचा लॅपटॉप

लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे त्याच्यावर किती जणांनी उपकार केले आहेत यावर ठरतं. खिडकी क्रमांक तीनच्या बाईंच्या लॅपटॉपवर तेवीस जणांचे उपकार होते. तो चौदा मिनिटं घ्यायचा.

कचेरीचं दार बरोब्बर दहाला उघडे. हजेरी लॅपटॉपवरच लागे, तीही दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत. म्हणजे बाई रोज वेळेवर येऊन रोज उशिरा येत. (संध्याकाळी लॅपटॉप बंद करणं सक्तीचं होतं. वीज वाचते.) तीन उशिरांना अर्धी रजा कापली जाई, आणि बाईंनी लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा रजा जिवापाड जपल्या होत्या.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"ताई, डिस्क म्हातारी, मेमरी तोकडी. त्यात बटण दाबलं की तेवीस प्रोग्राम एकदम उठून चहा मागतात. वीस हाकलले की दोन मिनिटांत सुरू."

"मग हाकला की!"

"साहेबांची सही आणा."

साहेब कामसू माणूस. त्यांनी तडक समिती नेमली. समितीने शास्त्रशुद्ध पद्धतीने सुरू होण्याचा वेळ मोजणारा प्रोग्राम बसवला. तो स्वतः सुरू व्हायला चार मिनिटं घेई. लॅपटॉप अठरावर गेला. संथपणाचा संशय खरा ठरल्याबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं.

अभ्यास एक्कावन्न दिवस चालला. बाईंच्या साडेआठ रजा गेल्या.

मग एका सकाळी पडद्यावर अहवाल उमटला. पानं चाळीस, खाली एकच बटण: 'वाचलं, मान्य आहे'. ते दाबल्याशिवाय काम उघडेना. खिडकीबाहेर रांग खेकसत होती, "अहो बाई, झोपलात का?" बाईंनी दाबलं.

कलम सतरा असं होतं: रोजचे उशीर मोजण्यात कचेरीचा वेळ जातो, सबब संथ लॅपटॉपधारकांची शिल्लक रजा एकरकमी कापावी. संमती घेतलेली आहे.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात गं. निघालीस ना?"

बाई रजेचा अर्ज भरायला वळल्या. शिल्लक: शून्य.

त्यांनी नीट वाचायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. तुम्ही परवा 'मान्य आहे' दाबलंत, त्यातलं कलम सतरा काय होतं?