दिगंबररावांची कडी

आमच्या कॉलनीतले दिगंबरराव कुणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीघरात शिरतात. चहा नंतर. तिथली बादली उचलतात, कडी हलवून बघतात आणि बाहेर येऊन विचारतात, "वहिनी, हाताला रुततीय का?" नवे भाडेकरू बिचकतात. आम्ही मात्र दिगंबरराव येणार म्हटलं की बैठकीआधी न्हाणीघर आवरतो.

चिकलठाण्याला त्यांचा छोटा कारखाना आहे. तिथं बादल्यांच्या कड्या बनतात. लोखंडी तार आणि मधोमध प्लास्टिकची मूठ. माणूस सुखी होता. पण मध्यंतरी उद्योजकांच्या एका मेळाव्याला गेला आणि तिथं टायवाल्या वक्त्यानं विचारलं, तुमचा धंदा उद्या बंद पडला तर समाजाचं काय अडेल?

"काय अडंल हो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी गाठलं.

"बादल्या उचलता येणार नाहीत," मी म्हणालो. मी थट्टा करत होतो. ते घरी जाऊन विचार करत बसले.

आधी त्यांनी इतर कारखानदारांसारखी झाडं लावली. ती शेळ्यांनी खाल्ली. मग कारखान्यावर 'समाजासाठी' अशी पाटी लावली, तर लोक फुकट बादल्या मागायला आले. पाटी उतरवताना ते म्हणाले, "हे आपलं काम नाय. आपलं काम कडी."

तेव्हापासून घरोघरी चौकशी सुरू झाली. भरली बादली जिन्यावरून नेताना मूठ तळव्यात रुतते, असं माझी बायको बोलून गेली. झालं. दिगंबररावांनी तिला बादली घेऊन जिना चढायला लावलं आणि वर गेल्यावर तळवा दाखवायला सांगितला. महिन्याभरात जाड मूठ तयार. शहागंजात त्यांचा माल विकणारे करीमभाई ती बघून म्हणाले, "दिगंबरभाई, लोग बाल्टी का रंग देखते. हाथ कौन देखता?"

"मी बघतो की," दिगंबरराव म्हणाले आणि नवी कडी लावलेली बादली घेऊन थेट स्वतःच्या घरी आले. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. काठोकाठ पाणी भरलं आणि आपल्या बायकोला, विमलकाकूंना म्हणाले, "उचल."

काकूंनी मुकाट्यानं मगानं निम्मं पाणी पिंपात ओतलं आणि मग कडीला हात घातला.

"आगं, भरलेली उचल. त्याच्यासाठीच केलीय."

"बोटं मिटत नायीत आता," काकू म्हणाल्या. "निम्मीच उचलते मी."

"कधीपासून?"

"झाले लई दिवस."

"मला कधी बोलली नाय."

"तुम्ही कॉलनीभर विचारत हिंडलात," काकू हसून म्हणाल्या. "मला कुठं विचारलं?"

मला उगाच घड्याळ बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र मागायला गेलो, तेव्हा दोघं ओसरीवर बसले होते. दिगंबररावांनी साचा करायला ओली माती आणली होती. "जेवढं मिटतंय तेवढंच मीट," ते म्हणत होते. "जोर लावू नको. मूठ तुझ्याकडं येईल."

काकूंनी माती धरली. बोटांचे ठसे केव्हाच उमटले होते. तरी काकूंच्या हाताखाली धरलेला आपला हात दिगंबररावांनी काढला नाही, आणि मी वर्तमानपत्र न मागताच परत आलो.