वामनरावांचा सुट्टीचा चहा

वामनराव उमाळे सुट्टीच्या दिवशी माणसं पकडतात. पकडतात म्हणजे अक्षरशः. नवा रायपूरच्या आमच्या सेक्टरमधला रस्ता एवढा रुंद की त्यावर बैलबाजार भरावा, आणि एवढा रिकामा की एखादी गाय आडवी गेली तरी करमणूक वाटावी. त्या रस्त्याच्या मधोमध वामनराव उभे राहतात आणि जो येईल त्याला चहाला घरी नेतात.

ऑफिसात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तिथे आमची टेबलं शेजारी शेजारी. हा गृहस्थ डबा भिंतीकडे तोंड करून खातो. कुणी बोललंच तर "हो"च्या जागी छत्तीसगढी थाटात "हव" म्हणतो आणि फायलीत डोकं घालतो. ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असला की वामनरावांचं पोट हमखास दुखतं.

गेल्या पोळ्याच्या सुट्टीला मी दूध आणायला निघालो, तर वामनराव रस्त्यात. घरी कामं आहेत, संध्याकाळी येतो, असं सांगून पाहिलं.

"संध्याकाळी नाही, आताच. चहा होऊन राहिला," ते म्हणाले, आणि माझ्या स्कूटरचं हँडल धरून चालायलाच लागले.

बैठकीत आधीच तिघं आणून बसवलेली. एक रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन, पक्कड मांडीवर ठेवून अवघडलेला. आणि एक नवं जोडपं. ते भाड्याचं घर शोधत होते, पत्ता विचारायला थांबले नि सापडले. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. वामनरावांनी घाम पुसला आणि मला विचारलं, "बाकी?" मी म्हणालो, बाकी ठीक. मग त्यांनी इलेक्ट्रिशियनला विचारलं, "बाकी?" त्याचंही ठीकच होतं. तिथे त्यांचं बोलणं संपलं. ते वर पंख्याकडे बघू लागले, म्हणून आम्हीही पंख्याकडे बघू लागलो. इलेक्ट्रिशियन जरा जास्तच बारकाईनं.

वामनरावांची बायको, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. कुणाकडे न बघता कप ठेवले आणि परत निघाल्या. तेवढ्यात त्या जोडप्यातल्या मुलीनं ताटलीतली बेसनाची ठेठरी तोडली आणि सहज विचारलं, एवढी खुसखुशीत कशी झाली?

वहिनी थांबल्या. तेलाचं मोहन किती घालायचं ते सांगितलं. मग आच कशी ठेवायची ते. सांगता सांगता खुर्चीवर टेकल्या. मुलगी जुन्या रायपुरातल्या गुढियारीची निघाली. वहिनींची मावशी कधीकाळी तिथेच राहायची. पारा म्हणजे मोहल्ला कोणता, गल्ली कोणती, असं करत दोघी दूरवर गेल्या. मध्येच वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "काहून हो, पोट्टी सकाळपासून उपाशी फिरून राहिली अन् तुम्ही नुसता चहा पाजता?"

चारचौघांत बोलणी खाऊन माणूस एवढा खुललेला मी पाहिला नव्हता. त्यांनी डब्यातली गोड खुरमी आणून दिली आणि हळूच मागच्या दारानं बाहेर सटकले.

मी कप घेऊन मागे गेलो. वामनराव पायरीवर बसले होते. आत चला म्हटलं, तर मान हलवली.

"मले नाही जमत. माणसं पाहिली का छातीत धडधडते."

मग बोलावता कशाला, असं मी विचारलं.

"तिकडं जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात, हिच्याकडे दिवसभर बाया. दार लोटायची सोय नव्हती. नोकरीपायी मी हिले इथं आणलं, अन् हळूहळू हिचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर म्हणे, माणसांत ठेवा." त्यांनी समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहिलं. "आता माणसं कुठून आणू? सुट्टीच्या दिवशी कोणी ना कोणी जाते तरी रस्त्यानं."

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. वामनराव मान खाली घालून ऐकत राहिले. ते थांबलं, पुन्हा आलं.

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मुलगी म्हणत होती, "अच्छा आंटी, अब निकलते हैं."

वामनराव उठून आत गेले. त्यांच्या मागोमाग मी. ते त्या अनोळखी माणसांसमोर जाऊन उभे राहिले.

"बैठो ना, बेटा. दूसरी चाय चढ़ गई है."

येताना मी पाहिलं होतं, गॅस बंद होता. मी त्यांच्या पाठीमागून हळूच स्वयंपाकघरात गेलो आणि पातेल्यात पाणी ओतलं.