मारुतीच्या प्रदक्षिणा आणि फोनमधला मोगरा

"योगिनीची जागा कोण काढून घेतो तेच पाहतो! मी अजून जिवंत आहे!" अशी गर्जना करून नवनाथआप्पांनी चहाचा कप इतक्या आवेशाने खाली ठेवला, की बशीने जागच्या जागी प्राण सोडला.

आप्पांच्या क्रोधाला कारण होते. त्यांच्या सुनेला, योगिनीला, मल्टिपल स्क्लेरोसिस ही व्याधी जडली होती. हिच्यात मज्जातंतूंवरचे आवरण झिजते आणि मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच विरून जाते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हयात घालवलेल्या आप्पांना हे समजावून सांगावे लागले नाही. तार झिजली की दिवा लागत नाही! नाशिकरोडच्या एका दवाखान्यात अशा रुग्णांसाठी व्यायामाचा वर्ग भरत असे आणि त्या वर्गाने योगिनीला पुन्हा उभे केले होते. परंतु आता वर्गाने प्रत्येकाच्या फोनमध्ये एक ॲप घातले. रुग्ण चालला की पडद्यावरचा मोगरा बहरे, न चालला की सुके. आणि मोगरा सुकलेलाच राहिला, तर वर्गातून नाव आपोआप कमी!

"डॉक्टर म्हणतात, थकवा आला की पडून राहा," योगिनी म्हणाली. "आणि हा फोन म्हणतो, उठा!"

"यंत्राने माझ्या सुनेला हुकूम सोडावा? या घरात मीसुद्धा तिला कधी 'ऊठ' म्हटलेलं नाही!"

"म्हणून तर तुमचा चहा मला करावा लागतो," आप्पांच्या पत्नी गोजराबाई आतून म्हणाल्या.

आप्पांनी उपाय शोधला, तो परंपरेतच. घरातले माणूस आजारी असेल, तर त्याच्या नावाने संकल्प सोडून दुसऱ्याने प्रदक्षिणा घालाव्यात. फळ आजाऱ्यालाच पावते. जे देवाला चालते, ते फोनला न चालायला तो देवाहून मोठा लागून गेला काय? रोज सकाळी योगिनी झोपेत असताना आप्पा तिचा फोन सदऱ्याच्या खिशात घालून गल्लीतल्या मारुतीकडे जाऊ लागले. संकल्प ते मोठ्याने उच्चारीत. फोनलाही नीट ऐकू जायला हवा!

मोगरा असा फोफावला, की त्याचे अरण्य झाले.

"आई, मी एवढी कधी चालले?" योगिनीने चकित होऊन विचारले.

"स्वयंपाकघरात!" गोजराबाईंच्या आधी आप्पांनीच उत्तर दिले.

आणि एके दुपारी फोनवर संदेश उमटला. 'अभिनंदन! आपल्याला आता वर्गाची आवश्यकता नाही. आपली जागा अन्य रुग्णास देण्यात येत आहे.'

आप्पांच्या मस्तकात बॉयलर फुटला! सुनेला रिक्षात बसवून ते दवाखान्यात थडकले. "बाई, ही काय मोगलाई आहे? सुकलं तरी जागा जाते आणि बहरलं तरी जाते?"

व्यायाम शिकवणाऱ्या संजनाबाईंनी शांतपणे पडद्यावर नकाशा उघडला. "योगिनीताई, हे बघा. एकाच जागी गोल गोल, घाण्याच्या बैलासारखं! काय आहे हो तिथे?"

"मारुतीचं देऊळ," योगिनी म्हणाली, आणि तिची मान सावकाश सासऱ्यांकडे वळली. "आप्पा?"

"रीतसर संकल्प सोडला होता," आप्पा पुटपुटले.

"मला वाटलं, माझे पाय सुधारतायत! काल आधार सोडून गॅलरीपर्यंत गेले मी. पडले असते म्हणजे? मला विचारायचं तरी होतं!"

जन्मभर इतरांवर संतापलेल्या आप्पांना, स्वतःवर संतापायचे कसे, हेच उमगेना.

"काका, पुण्य पोचत असेल, स्नायूंत ताकद नाही पोचत!" संजनाबाई कडाडल्या. "हे विज्ञान आहे. ज्याचे पाय, त्यानेच चालायचं! जुनी नोंद मी पुसतेय. ताई, तुम्ही आत्ता चाला. आज पाचला नावांची यादी पक्की होते; तोपर्यंत थोडी जरी नोंद झाली, तरी जागा तुमची."

योगिनी उठली. वॉकरच्या पिशवीत फोन ठेवून तिने व्हरांड्यात पाऊल टाकले. एक, मग जमिनीची अनुज्ञा घेतल्यासारखे दुसरे. टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन ती परतली, तेव्हा तिचे कपाळ घामाने निथळत होते आणि आप्पा पंच्याने चष्मा पुसत होते.

संजनाबाईंनी फोन काढला. मोगऱ्यावर पान नव्हते. उलट मंजुळ स्वर आला, "आपण बराच वेळ बसून आहात!"

"बसून?" आप्पांच्या आवाजाने औषधांची कपाटे थरारली. "हेच का तुमचं विज्ञान?"

"वॉकर धरून हळू चाललेलं याला... कळत नाही कधी कधी," संजनाबाई चाचरल्या. घड्याळ पाचला टेकले होते. योगिनीत आता आणखी एक पाऊल टाकण्याचे त्राण नव्हते.

संजनाबाईंनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग फोन आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकला आणि व्हरांड्यातून त्या तरातरा निघाल्या.

बाकावर टेकलेली योगिनी मागून ओरडली, "ताई, बेताबेताने! जास्त चाललात, तर मी पुन्हा बरी होईन!"