कानाला पापणी न्हाय

पन्नाशीला टेकल्यावर मला पेटी शिकायची हौस आली आणि मी मंगळवार पेठेत गुलाबमास्तरांच्या क्लासला गेलो. मास्तरांनी ना माझी बोटं पाहिली, ना आवाज ऐकला. खिशातून बॅटरी काढली, माझं डोकं खिडकीकडे वळवलं आणि उजव्या कानात उजेड पाडला.

"पावणं, ह्यात काय घालता?"

"कधीतरी... गाडीची किल्ली."

"किल्ली गाडीला लावायची. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन या, मग 'सा' शिकवतो."

गेलो. डॉक्टरांनी कानातून जे काढलं त्याचं वर्णन इथे करत नाही. परत आलो तेव्हा मास्तरांनी पुन्हा बॅटरी मारली, खूश झाले आणि मला चहा पाजला.

मास्तर तबला आणि पेटी दोन्ही शिकवतात. साठी उलटलेली, अंगात पांढरा सदरा, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. क्लासच्या दारात एक स्टीलचा डबा आहे. पोरांनी आत येताना इअरफोन काढून त्यात टाकायचे. एका खोलीत एका वेळी दोनच तबले. पोरांच्या कानात तेल घालणाऱ्या आयांना ते जिन्यातच गाठतात. सख्ख्या पुतण्याच्या वरातीत साउंडची गाडी आली, तेव्हा हे गृहस्थ ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि आवाज कमी होईपर्यंत उतरले नाहीत. नवरदेव घोड्यावर ताटकळला. भावजय अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. "डोळं मिटता येत्यात," मास्तर म्हणतात, "कानाला पापणी न्हाय. मग त्याला जपायचं कुणी?"

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. गेल्या गणपतीच्या आधी अश्विनीचं प्रकरण झालं आणि ते हसणं थांबलं.

अश्विनी दहावीतली, तबल्यावर क्लासमधली सगळ्यात तयार पोर. तिच्या वडिलांनी, संभाजीरावांनी, तिला गल्लीच्या ढोल-ताशा पथकातही घातलं होतं. तिथे ती पुढच्या रांगेत ताशा वाजवायची. एका संध्याकाळी ती मास्तरांना म्हणाली, "सर, पथकाचा सराव झाला की कानात शिट्टी वाजती. सकाळपत्तोर जाती." मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्यासाठी कानात घालायचे रबरी बोळे आणले आणि संभाजीरावांना बोलावून घेतलं.

संभाजीराव आले ते दारातच उभे राहिले. "मास्तर, कानात बोळं घालून ताशा वाजवायचा? गल्ली हसंल की! आन् सकाळी जातीया न्हवं शिट्टी?"

मला वाटलं, आता मास्तर गरजणार. पण ते खाली बसले आणि इतक्या हळू बोलले की आम्हाला पुढे सरकावं लागलं.

"माझीबी सकाळी जायाची, संभाजीराव. हिच्याएवढा हुतो, ताशाच वाजवत हुतो. एका मिरवणुकीनंतर सकाळ झाली आन् ती गेलीच न्हाय. आजून हाय. आत्ता तुमच्याशी बोलतोय, तवाबी वाजतीया."

मास्तरांनी बोळे उंबऱ्याशी, संभाजीरावांपुढे ठेवले.

"बायको हुती तवर घरात भांड्यांचा, बोलण्याचा आवाज असायचा, त्यात दबून जायाची. आता घरी गेलं की मी आन् ती शिट्टी. हितं तंबोरा लागला की मातर त्याच्यात मिसळती, कळत न्हाय. म्हणून तुमास्नी येळंवर सोडत न्हाय मी. 'आजून एकदा वाजवा' म्हणतो, ते दरयेळी शिकवायसाठी न्हाय."

अश्विनी रडायला लागली. इतका गडगडाटी माणूस घरी जायला भितो, हे मला सहन होईना.

संभाजीरावांनी बोळे उचलले आणि लेकीच्या हातात ठेवले. "हे घालूनच वाजवायचं. हसंनात का कोण. आन् उद्या आधी डॉक्टरकडं."

क्लास सुटायची वेळ कधीच होऊन गेली होती. पोरांनी दप्तरं उचलली, पण जिन्याकडे कुणी जाईना. मास्तर म्हणाले, "जावा की आता, घरी वाट बघत असतील." तेव्हा संभाजीरावांनी चपला काढल्या, आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "अश्विनी, तंबोरा घे. मी थांबतो."