सदानानांची जपानी पाहुणी

आमच्या शेजारचे सदानाना माणसांना अरे-तुरे करतात आणि मोटारसायकलला अहो-जाहो. नगरसेवक दारात आला तरी त्याला "काय रे, वाट चुकलास?" आणि पडवीतल्या गंजक्या गाडीला मात्र, "जरा मान इकडे करा बघू, उजेडात."

हे वाक्य मी पहिल्यांदा कुंपणापलीकडून ऐकलं, तेव्हा नानांकडे कोणी बाई पाहुण्या आल्यात असंच मला वाटलं. नाना साठी ओलांडलेले, एकटे, लग्न न झालेले. मी ही बातमी तातडीने बायकोला दिली. ती पोह्यांची बशी घेऊन बघायला गेली आणि बशीसकट परत आली. "दोन चाकं आहेत तिला," एवढंच म्हणाली आणि पोहे मला खायला दिले.

नानांनी आयुष्यभर मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळले. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पडवीच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली ही गाडी होती. जपानी बनावटीची, शंभर सीसीची, एके काळी लाल असावी. टाकीवर गंजाचे नकाशे उमटलेले, सीटमध्ये उंदरांच्या कित्येक पिढ्या सुखाने नांदून गेलेल्या. आणि इंजिन गाडीत नव्हतंच. ते सुट्टं करून बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत भरलेलं होतं.

"परदेशातून आलेली पाहुणी आहे," नाना म्हणाले. "तिच्याशी नीटच बोलायला हवं."

ही पाहुणी आली कुठून, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. पोस्टमनला त्यांनी सांगितलं, एका जपानी कप्तानाला बंदरात बर्फ हवा होता, त्याने बदल्यात दिली. माझ्या बायकोला सांगितलं, भजन स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. नानांचं गाणं तिने ऐकलेलं असल्यामुळे तिचा विश्वास बसला नाही. मला सांगितलं, मांडवीच्या किनाऱ्याला लागली, शेवाळ काढायलाच महिना गेला. मी फारच खोदून विचारलं की म्हणायचे, "घाई करू नये मेल्या, यंत्र बिथरतं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दूध उतू जात असलं तरी हेच म्हणायचे.

दोन वर्षं त्या गाडीचं काम चाललं आणि त्यात आमचं घरही खर्ची पडलं. टाकीच्या आतला गंज काढायला त्यांना आंबट काहीतरी हवं होतं. ते आमच्याकडून कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या घेऊन गेले. सोलकढी करणार असतील म्हणून बायकोने कौतुकाने नारळही दिला. नारळ परत आला, आगळ टाकीत गेलं. मग टाकीत मूठभर खडे आणि जुने नट घातले, टाकी गोधडीत गुंडाळली आणि झोपाळ्यावर ठेवून तिला झोके द्यायला सुरुवात केली. आत खडखड, वर कुरकुर. तीन दिवस नाना एका पायाने झोका देत पेपर वाचत बसलेले. पत्रिका द्यायला आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी तोंडावर बोट ठेवून सांगितलं, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय. तो बिचारा खालच्या आवाजात लग्नाचा मुहूर्त सांगून गेला.

चौथ्या दिवशी टाकीतून तांबडंलाल पाणी निघालं आणि आत पत्रा चांदीसारखा लखलखत होता. नानांनी मला टॉर्च धरून आत डोकवायला लावलं. पेट्रोलच्या टाकीत बघून काय म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, छान आहे.

इंजिन जोडताना मात्र नाना बदलले. थट्टा बंद. एकेक तुकडा रॉकेलमध्ये धुवायचे, जुन्या धोतरावर ओळीने मांडायचे आणि पुष्कळ वेळ नुसते बघत बसायचे. तीन वेळा इंजिन जोडलं, तिन्ही वेळा पुन्हा उघडलं. एकदा मी सुचवलं की एखाद्या मेकॅनिकला बोलवू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. "हे मलाच जोडायला हवं," ते म्हणाले.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका सकाळी, अकराव्या किकला, ती गाडी सुरू झाली. निळसर धुराने पडवी भरली. आळीतली कुत्री पळाली. बायको हातात उलथनं घेऊन बाहेर आली. नाना हसतील, नाचतील असं मला वाटलं होतं. ते पायरीवर बसले आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत नुसते ऐकत राहिले.

मी शाळेत लिपिक आहे, त्यामुळे आळीतले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. गाडी रस्त्यावर काढायची तर नोंदणीचं नूतनीकरण हवं. मी कागद मागितले. नाना आठवडाभर टाळत होते. शेवटी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं आरसी बुक आणून दिलं आणि स्वतः नळ बंद करायला म्हणून मागे गेले. नळ बंदच होता.

मालकाच्या नावापुढे सदानंद नव्हतं. विनायक होतं. आडनाव तेच.

"हे कोण?" मी विचारलं.

"दादा," नाना म्हणाले. "माझा सख्खा भाऊ. देवरूखला असतो."

शेजारी राहून बारा वर्षं झाली होती. नानांना भाऊ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं, आणि या वेळी कप्तान, भजन, मांडवी काही नव्हतं. दोघे भाऊ आणि वहिनी याच घरात राहत होते. गाडी दादाची, जिवापाड जपलेली. नानांना यंत्राचा नाद, आणि जपानी इंजिन आतून कसं असतं हे बघायची हौस. एका रविवारी दादा बाजारात गेलेला असताना नानांनी ते उघडलं. संध्याकाळपर्यंत परत जोडून टाकू, कळणारसुद्धा नाही, असा हिशेब. संध्याकाळी निरोप आला की देवरूखला वहिनीच्या वडिलांचं शेवटचं आहे, लगेच निघा. शेवटची एसटी गेलेली. तेव्हा रात्री मिळेल असं दुसरं वाहन नाही. आणि गाडी पडवीत, चाळीस तुकड्यांत. वहिनी आणि दादा पहाटेच्या पहिल्या एसटीने गेले. पोचले तेव्हा उशीर झाला होता.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं नाना म्हणाले. तो काहीच बोलला नाही. वहिनीची आई एकटी पडली म्हणून ती दोघं तिकडेच राहिली. सामान न्यायला टेम्पो आला, गाडी तेवढी राहिली. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. सणाला नाही, लग्नकार्याला नाही, फोनवरही एक शब्द नाही.

फॉर्मवर दादाची सही हवी होती. एवढं निमित्त पुरेसं होतं. तरी नानांना तयार करायला मला पंधरा दिवस लागले.

आम्ही टेम्पोत गाडी चढवली. नाना पुढे बसायला तयार नव्हते. मागे गाडीशेजारी उभे राहिले, ऊन लागतं म्हणून तिच्यावर छत्री धरून. हातखंब्याच्या चहावाल्याने मला विचारलं, आत कोण आहे.

देवरूखला दादांच्या अंगणात गाडी उतरवली. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो निघून गेला. आता पळायला वाव नव्हता. ओटीवर एक उंच, हडकुळे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आम्हाला बघितलं आणि पेपर घडी करून ठेवला. मी फॉर्म हातात घेऊन दोघांच्या मध्ये उभा.

शेवटी नानांनी किक मारली. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली.

दादा चपला घालून खाली आले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग वाकून मागे बघितलं आणि म्हणाले, "चेन सैल आहे."

"सैल नाही," नाना म्हणाले. "इंचभर ढील लागतेच."

"हा इंच आहे तुझा?"

अठ्ठावीस वर्षांनी दोघा भावांनी बोलायला सुरुवात केली ती ही अशी, आणि पुढचा पाऊण तास ते चेनवरून भांडत होते. मधेच दादांनी घरातून पट्टी आणली.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना बघून नानांचा इतका वेळ चढलेला आवाज एकदम खाली आला. वहिनी पुढे आल्या, गाडीवर हात ठेवला, गरम लागली तसा काढून घेतला.

"सगळे तुकडे आत गेले ना या वेळी?" त्यांनी विचारलं.

नानांनी खिशात हात घातला आणि तळहात उघडून दाखवला. "एक वॉशर उरला, वहिनी. कुठला ते कळलं नाही."

वहिनींनी तो वॉशर उचलला, उलटसुलट करून बघितला. मग त्यांना हसू आलं, आणि ते हसू त्यांना नीट आवरता येईना. पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. आतून म्हणाल्या, "भात टाकते. तिघांनी हातपाय धुवा."

जेवण झाल्यावर मी फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. दादांनी तो सावकाश वाचला आणि म्हणाले, गाडी माझीच आहे ना, मग आरटीओत माझा मी जाईन. फॉर्म त्यांनी पेपरात घालून ठेवला. दोन वर्षं राबून उभी केलेली गाडी नानांनी त्या अंगणात, फणसाच्या सावलीत लावली, आणि आम्ही चारच्या एसटीने निघालो.

संगमेश्वर येईपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. गाडी गेल्याचं वाईट वाटत असणार, असा माझा अंदाज.

"दादा किती वाळलाय रे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं की पुढच्या रविवारी पुन्हा यायला हवं, क्लचची केबल बघायची आहे.

"केबलला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले.